शून्य दर आणि करमुक्ती : मूल्यवर्धित करातील एक महत्त्वाचा भेद

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षांच्या पेट्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत दोन वाटांनी बाहेर पडतात. एक वाट मुंबई, दिल्ली, कोलकाता येथील घाऊक बाजारांकडे जाते. दुसरी न्हावा-शेवा येथील बंदरातून युरोपकडे, विशेषतः नेदरलँड्समधील रॉटरडॅमकडे वळते. ताजी द्राक्षे देशात करमुक्त आहेत आणि निर्यातीवर कर आकारला जात नाही. त्यामुळे दोन्ही वाटांनी जाणाऱ्या मालाच्या बिलात कराची रक्कम दिसत नाही. वरवर पाहणाऱ्यास दोन्ही व्यवहार एकाच जातीचे वाटावेत यात नवल नाही.

वस्तुतः कायद्याच्या दृष्टीने हे दोन अगदी निराळे व्यवहार होत. देशातील विक्री ‘करमुक्त’ आहे, तर परदेशी गेलेला माल ‘शून्य दराचा’ आहे. पुठ्ठ्याचे खोके, प्लॅस्टिकची पाकिटे इत्यादी साहित्य विकत घेताना व्यापाऱ्याने जो कर भरलेला असतो तो पहिल्या व्यवहारात त्याच्याच अंगावर पडतो. दुसऱ्या व्यवहारात तो शासनाकडून परत मागता येतो. ज्या खोक्यात द्राक्षे भरली तो खोका तोच, त्यावर भरलेला करही तोच. परंतु एका ठिकाणी तो खर्चाच्या खाती जातो आणि दुसऱ्या ठिकाणी येणे रकमेच्या खाती. हा भेद ध्यानात न आल्यामुळे अनेक लहान निर्यातदार आपल्या हक्काच्या रकमेस मुकतात आणि अनेक ग्राहक एखादी वस्तू करमुक्त झाली म्हणजे तिच्या किमतीत कराचा अंशही उरला नाही, असे समजून चालतात. दोन्ही समजुतींचे मूळ एकच आहे.

साखळीचा हिशेब

मूल्यवर्धित कर हा नावाप्रमाणेच प्रत्येक टप्प्यावर मालाच्या मूल्यात जी भर पडते तेवढ्यापुरता आकारला जाणारा कर आहे. विक्रेता आपल्या विक्रीवर कर गोळा करतो. त्यातून आपण खरेदीच्या वेळी भरलेला कर वजा करतो आणि उरलेली रक्कम शासनास भरतो. भारतात आज लागू असलेला वस्तू व सेवा कर याच तत्त्वावर उभा आहे.

उदाहरणासाठी कराचा दर सरसकट दहा टक्के आहे असे समजू. सूतगिरणीने शंभर रुपयांचे सूत विणकरास विकले आणि दहा रुपये कर घेऊन तो शासनाकडे भरला. विणकराने त्या सुताचे कापड करून ते दोनशे रुपयांस कपडे शिवणाऱ्या कारखानदारास विकले. त्याने वीस रुपये कर गोळा केला, सुतावर भरलेले दहा वजा केले आणि दहा रुपये भरले. कारखानदाराने सदरे शिवून ते तीनशे रुपयांस ग्राहकास विकले. तीस रुपये कर घेतला, वीस वजा केले, दहा भरले. ग्राहकाने एकूण तीनशे तीस रुपये दिले व शासनाच्या तिजोरीत तीन हप्त्यांनी तीस रुपये आले. हे तीस रुपये म्हणजे तीनशेचे बरोबर दहा टक्के. वाटेत कोणाही व्यापाऱ्याच्या खिशाला कराची चाट बसली नाही.

आता हे सदरे शून्य दराचे आहेत असे धरू. कारखानदार ग्राहकाकडून काहीच कर घेणार नाही. परंतु शून्य हाही एक दरच असल्यामुळे त्याचा व्यवहार करपात्र व्यवहार म्हणूनच गणला जातो आणि खरेदीवरील वजावटीचा त्याचा हक्क अबाधित राहतो. देय कर शून्य, त्यातून वजा करावयाचे वीस. म्हणजे शासनानेच त्याला वीस रुपये देणे लागते. ती रक्कम परत मिळाली की सदरा ग्राहकास तीनशे रुपयांतच पडतो. आधीच्या दोन टप्प्यांवर जमा झालेले वीस रुपये परत गेल्यामुळे तिजोरीत काहीही राहत नाही आणि वस्तू करापासून खऱ्या अर्थाने मुक्त होते.

याउलट सदरे केवळ ‘करमुक्त’ केले तर काय घडते? कारखानदार याही वेळी ग्राहकाकडून कर घेत नाही. मात्र त्याचा व्यवहार करपात्र नसल्यामुळे वजावटही मिळत नाही. कापडावर भरलेले वीस रुपये त्याच्या उत्पादनखर्चात मिसळून जातात आणि तो सदरा तीनशे वीस रुपयांस विकतो. बिलात कर नाही, पण किमतीत आहे. ग्राहकास तीस रुपयांची सवलत मिळाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्याच्या पदरात दहाच रुपये पडतात.

सर्वांत विचित्र परिणाम घडतो तो करमुक्ती साखळीच्या मध्यभागी दिली असता. समजा, सदऱ्याऐवजी मधले कापड करमुक्त केले. विणकराने सुतावर भरलेले दहा रुपये त्याला परत मिळत नाहीत, म्हणून तो कापड दोनशे दहा रुपयांस विकतो. कारखानदार त्यात आपल्या कामाचे शंभर रुपये मिळवून सदऱ्याची किंमत तीनशे दहा ठरवतो आणि तिच्यावर दहा टक्के दराने एकतीस रुपये कर लावतो. ग्राहकास तीनशे एक्केचाळीस रुपये मोजावे लागतात. शासनाकडे सुतावरचे दहा व सदऱ्यावरचे एकतीस मिळून एक्केचाळीस रुपये येतात. म्हणजे कोणतीही सवलत नसताना येत होते त्याहून अकरा रुपये अधिक! सवलत दिल्याने कर वाढावा, हे ऐकावयास चमत्कारिक वाटते, परंतु करावर कर चढण्याचा हा सरळ परिणाम आहे. एखाद्या उद्योगाच्या कच्च्या मालाला करमुक्ती मागणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा, हे बरे.

शब्दांचा घोळ

व्यवहारात ‘शून्य दर’, ‘निरंक दर’ आणि ‘करमाफी’ हे शब्द एकमेकांऐवजी सर्रास वापरले जातात. कायदा मात्र त्यांची सरमिसळ होऊ देत नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ यातील व्याख्येनुसार ज्या वस्तूंवर निरंक दर आहे, ज्यांना कर पूर्णतः माफ केलेला आहे आणि ज्यांना हा कर मुळी लागूच होत नाही, असे सर्व पुरवठे ‘करमुक्त’ या एकाच वर्गात मोडतात. अनुसूचीत एखाद्या वस्तूपुढे ‘शून्य टक्के’ असे लिहिले म्हणून ती शून्य दराची होत नाही. ‘शून्य दराचा पुरवठा’ ही संज्ञा एकात्मिक वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १६ साठी राखून ठेवलेली आहे आणि तिच्यात दोनच प्रकार येतात : वस्तू वा सेवांची निर्यात, आणि विशेष आर्थिक क्षेत्रातील विकासक किंवा घटक यांना अधिकृत कामकाजासाठी केलेला पुरवठा. अंधेरीच्या सीप्झमधील एखाद्या घटकास तेथील कामासाठी यंत्राचे सुटे भाग पुरविणारा मुंबईचाच व्यापारी या तरतुदीमुळे निर्यातदाराच्या पंक्तीस बसतो.

देशातील ग्राहकाने देशातच वापरावयाची कोणतीही वस्तू भारतात शून्य दराची नाही. धान्य, भाजीपाला, दूध, छापील पुस्तके यांना जी सवलत आहे ती करमुक्तीची आहे.

निर्यातीवरच शून्य दर का?

ज्या देशात वस्तूचा उपभोग घेतला जातो त्या देशाने तिच्यावर कर घ्यावा, हे मूल्यवर्धित कराचे सर्वमान्य तत्त्व आहे. रॉटरडॅमला उतरलेल्या मालावर तेथील शासन आपला कर आकारणारच. भारतानेही आपला कर त्यात ठेवला तर एकाच वस्तूवर दोन देशांचा भार पडेल आणि चिली, पेरू किंवा दक्षिण आफ्रिका येथून येणाऱ्या द्राक्षांच्या तुलनेत आपला माल तेवढ्याने महाग ठरेल. म्हणून सीमा ओलांडताना मालातील देशी कर पूर्णपणे काढून घ्यावयाचा आणि आयात मालावर देशी मालाइतका कर लावावयाचा, अशी पद्धत जगभर रूढ झाली आहे.

हा परतावा म्हणजे निर्यातदारांना दिलेले अनुदान होय, असा एक समज अधूनमधून ऐकू येतो. तो बरोबर नाही. निर्यात मालावरील अप्रत्यक्ष कर, प्रत्यक्ष लागू झाला असेल तेवढ्या मर्यादेत माफ करणे वा परत देणे हे अनुदान समजले जाऊ नये, असे जागतिक व्यापाराच्या करारांतच नमूद आहे. शासन येथे स्वतःजवळचे काही देत नाही. जे घ्यावयाचे नव्हते ते परत करते.

विक्रीकराच्या जुन्या काळातही निर्यात करापासून दूरच ठेवलेली होती. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८६ अन्वये निर्यातीच्या ओघात झालेल्या विक्रीवर राज्यांना कर लावता येत नाही. परंतु हे संरक्षण विक्रीच्या अखेरच्या टप्प्याचे होते. मालाच्या पोटात आधीच शिरलेला कर त्याने आपोआप बाहेर पडत नसे. ती उणीव भरून काढण्याचे सामर्थ्य वजावटीच्या पद्धतीत आहे. ही पद्धत प्रथम फ्रान्समध्ये मॉरिस लोरे या अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १९५४ साली अमलात आली. भारतात केंद्रीय उत्पादन शुल्कापुरती ती १९८६ मध्ये ‘मॉडव्हॅट’ या नावाने आली. महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर १ एप्रिल २००५ पासून लागू झाला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने या सर्वांची जागा घेतली.

परताव्याची वाट

निर्यातदारासमोर कायद्याने दोन मार्ग ठेवले आहेत. पहिल्या मार्गात तो वचनपत्र किंवा बंधपत्र देऊन कर न भरता माल पाठवितो आणि खरेदीवर साचलेल्या न वापरलेल्या वजावटीचा परतावा मागतो. दुसऱ्या मार्गात तो एकात्मिक कर भरून माल पाठवितो व भरलेला कर परत घेतो. या दुसऱ्या मार्गाने वस्तूंची निर्यात करणाऱ्यास निराळा अर्ज करावा लागत नाही. सीमाशुल्क विभागाकडे दिलेले शिपिंग बिल हाच अर्ज मानला जातो. पहिल्या मार्गाने मात्र ‘आरएफडी-०१’ या नमुन्यात संकेतस्थळावर अर्ज करावयाचा असतो आणि बीजकाच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर जावा लागतो.

द्राक्षांसारख्या करमुक्त मालाच्या निर्यातदारास दुसरा मार्ग उपलब्ध नाही, कारण ज्या मालावर करच नाही तो भरून परत कसा मागणार? पहिला मार्ग मात्र त्याला पूर्ण खुला आहे. निर्यात केलेली वस्तू देशात करमुक्त असली तरी वजावट घेता येते, असे कलम १६ मध्ये स्पष्ट शब्दांत म्हटलेले आहे. या एका वाक्याचे मोल कृषिमालाच्या निर्यातदारांना फार मोठे आहे. आणि अडचणही नेमकी येथेच उद्भवते. केवळ करमुक्त मालाचा व्यापार करणाऱ्यावर नोंदणीची सक्ती नाही. ‘आपला माल करमुक्त, मग नोंदणीची उठाठेव कशाला?’ असा विचार करून एखादी नवी शेतकरी उत्पादक कंपनी नोंदणीविना निर्यातीस उतरते. नोंदणी नाही म्हणजे वजावट नाही आणि वजावट नाही म्हणजे परतावाही नाही. अशा संस्थेने स्वेच्छेने नोंदणी करून घेणे तिच्या हिताचे असते. मात्र त्याबरोबर नियमित विवरणपत्रे भरण्याची जबाबदारीही येते, हे आधीच जाणून घ्यावे.

एखाद्या द्राक्ष व्यापाऱ्याचा महिन्याचा हिशेब असा मांडता येईल. एकूण उलाढाल पन्नास लाख रुपये. त्यांपैकी तीस लाखांची निर्यात आणि वीस लाखांची देशातील विक्री. खोके, पाकिटे व इतर सामाईक खरेदीवर भरलेला कर एक लाख रुपये. देशातील विक्री करमुक्त असल्यामुळे तिच्या वाट्याचे चाळीस टक्के, म्हणजे चाळीस हजार रुपये, वजावटीतून काढून टाकावे लागतात. उरलेल्या साठ हजारांचा परतावा मिळतो. या गणितात एक मेख आहे. कच्चे साहित्य आणि सेवा यांवरील कर परत मिळतो, परंतु शीतगृहाची यंत्रे किंवा प्रतवारीची यंत्रणा अशा भांडवली वस्तूंवरील कर या सूत्रात धरला जात नाही. नवी यंत्रसामग्री घेऊन निर्यातीस आरंभ करणाऱ्याला ही गोष्ट उशिरा उमगते, आणि तोवर कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात.

खरेदीवरचा कर जेवढा कमी, तेवढी अडकून पडणारी रक्कमही कमी. पुठ्ठ्याच्या नालीदार खोक्यांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, तो बदल या दृष्टीने उपयोगी ठरावा.

परताव्याच्या मुदतीविषयी कायदा पुरेसा स्पष्ट आहे. अर्ज संबंधित तारखेपासून दोन वर्षांच्या आत करावयाचा असतो. शून्य दराच्या पुरवठ्याबाबत मागितलेल्या रकमेच्या नव्वद टक्के रक्कम, अर्जाची पोच दिल्यापासून सात दिवसांत तात्पुरती मंजूर करण्याची तरतूद आहे. अंतिम आदेश पूर्ण अर्ज मिळाल्यापासून साठ दिवसांत व्हावयाचा असतो आणि त्यापुढे विलंब झाल्यास सहा टक्के व्याज देय होते. परंतु ‘पूर्ण अर्ज’ या दोन शब्दांत पुष्कळ काही सामावलेले आहे. खोके पुरविणाऱ्या कारखानदाराने आपल्या विवरणपत्रात ते बीजक दाखविले नसेल तर ते खरेदीदाराच्या ‘जीएसटीआर-२ब’ या विवरणात उतरत नाही आणि तेवढी वजावट हाती लागत नाही. शिपिंग बिलातील क्रमांक व बीजकातील क्रमांक जुळले नाहीत तरी प्रकरण रेंगाळते. मालाची किंमत परकीय चलन विनिमय कायद्याने ठरविलेल्या मुदतीत वसूल झाली नाही, तर मिळालेला परतावाही व्याजासह भरावा लागतो. मोठ्या निर्यातगृहाकडे या सर्व गोष्टी पाहण्यासाठी स्वतंत्र माणसे असतात. लहान व्यापाऱ्यास पुढच्या हंगामाच्या खोक्यांची आगाऊ रक्कम याच पैशातून द्यावयाची असते. शून्य दर खरोखरच शून्य आहे की नाही, हे शेवटी परताव्याच्या गतीवर अवलंबून राहते; सहा महिने अडकलेला परतावा म्हणजे निर्यातदाराने तेवढ्या काळापुरते दिलेले कर्जच होय.

ब्रिटनचा वेगळा प्रयोग

शून्य दर केवळ निर्यातीपुरता न ठेवता देशातील ग्राहकासाठीही वापरता येतो, याचे ठळक उदाहरण ब्रिटन. तेथे मूल्यवर्धित कर १ एप्रिल १९७३ रोजी लागू झाला. त्या वेळी प्रमाणदर दहा टक्के होता; २०११ पासून तो वीस टक्के आहे. परंतु बहुतेक खाद्यपदार्थ, पुस्तके व वर्तमानपत्रे, लहान मुलांचे कपडे व पादत्राणे यांना आरंभापासून शून्य दर देण्यात आला. म्हणजे पाव विकणारा बेकरीवाला ग्राहकाकडून कर घेत नाही, तरीही आपल्या भट्टीवर, वेष्टनावर, दुकानाच्या दुरुस्तीवर भरलेला कर शासनाकडून परत घेतो. पावाच्या किमतीत कराचा लवलेश उरत नाही.

या उदारतेची किंमतही ब्रिटनला द्यावी लागली आहे. शून्य आणि वीस टक्के यांच्यामधील कुंपणावर सतत झगडे चालतात. तेथील नियमानुसार केकला शून्य दर आहे. बिस्किटालाही आहे, पण चॉकलेटचे आवरण असलेल्या बिस्किटाला पूर्ण कर आहे. संत्र्याच्या मुरंब्यावर चॉकलेटचा थर दिलेला ‘जाफा केक’ नावाचा चपटा गोल पदार्थ बिस्किटांच्या शेजारी विकला जातो. तो केक की बिस्किट, हा प्रश्न १९९१ साली कर न्यायाधिकरणासमोर गेला. केक शिळा झाला की कडक होतो व बिस्किट मऊ पडते. हा पदार्थ कडक होतो, यासारख्या गोष्टी विचारात घेऊन न्यायाधिकरणाने तो केक असल्याचा निर्णय दिला. वाचताना हसू येते खरे. परंतु त्या निर्णयावर लक्षावधी पौंडांचा कर अवलंबून असल्याने संबंधितांना त्यात विनोद दिसला नसावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अन्नावर श्रीमंत कुटुंब गरीब कुटुंबापेक्षा अधिक पैसे खर्च करते. त्यामुळे शून्य दराचा रुपयांतील लाभ त्यालाच अधिक मिळतो. याच विचाराने न्यूझीलंडने १ ऑक्टोबर १९८६ रोजी आपला कर लागू करताना निर्यातीस शून्य दर दिला, परंतु अन्नधान्यासही सर्वांबरोबर एकाच दराने कर लावला आणि गरिबांना साहाय्य कराबाहेरच्या मार्गांनी देण्याचे धोरण ठेवले. युरोपीय संघाने दीर्घकाळ देशांतर्गत शून्य दरास नाखुशीनेच वाव दिला होता. २०२२ मध्ये मात्र मूलभूत गरजेच्या काही वस्तूंसाठी सदस्य देशांना तो वापरण्याची मुभा मिळाली. या वादाचा निकाल अद्याप लागलेला नाही आणि लवकर लागेल असेही नाही.

करमुक्तीची दुसरी बाजू

भारताने देशातील ग्राहकासाठी करमुक्तीचा मार्ग पत्करला. त्यात शासनाची सोय आहे. लक्षावधी लहान विक्रेत्यांना नोंदणीच्या व परताव्याच्या व्यापातून मोकळे ठेवता येते आणि महसूलही अंशतः सुरक्षित राहतो. भाजी विकणाऱ्याने महिन्याकाठी परताव्याचे अर्ज भरावेत अशी अपेक्षा कोणीच करणार नाही. परंतु कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तू करमुक्त करताना हिशेब बदलतो.

सॅनिटरी नॅपकिनचे उदाहरण सर्वश्रुत आहे. जुलै २०१७ मध्ये त्यांवर बारा टक्के कर लागू झाला तेव्हा देशभर टीका झाली. त्या वेळी केंद्र शासनाने दिलेले स्पष्टीकरण आजही अभ्यासण्यासारखे आहे. नॅपकिनसाठी लागणारे शोषक बहुलक, प्लॅस्टिकचा पडदा व डिंक यांवर अठरा टक्के आणि लाकडाचा लगदा व न विणलेले कापड यांवर बारा टक्के कर होता. नॅपकिनवरील कर काढून टाकल्यास देशी उत्पादकांची वजावट पूर्णपणे बंद होईल. उलट आयात नॅपकिन मात्र कोणत्याही कराशिवाय देशात येतील, असे शासनाचे म्हणणे होते. तरीही २७ जुलै २०१८ पासून करमुक्ती देण्यात आली. मागणी न्याय्य होती आणि ग्राहकाला काही दिलासा मिळाला, याविषयी दुमत नाही. पण मूळ स्पष्टीकरणातील अंकगणित त्यामुळे खोटे ठरले नाही. कच्च्या मालावरील कर आजही उत्पादनखर्चात बसलेला आहे. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून याच वस्तूला शून्य दर दिला, तेव्हा तेथील उत्पादकाची वजावट कायम राहिली. दोन्ही देशांत बातमी एकच छापून आली : ‘कर रद्द’. फरक उत्पादकाच्या वहीत होता.

वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा यांच्या हप्त्यांवरील अठरा टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला. विमेदाराच्या पावतीवरून कर गेला. मात्र विमा कंपनी मध्यस्थांचे कमिशन, कार्यालयाचे भाडे, संगणक सेवा यांवर जो कर भरते त्याची वजावट तिला या पॉलिसींपुरती घेता येत नाही. हप्ता किती उतरला हे पाहणाऱ्या ग्राहकाने म्हणून मूळ हप्त्याचा आकडाही जुन्या पावतीशी ताडून पाहावा.

मराठी वाचकास अधिक जवळचे उदाहरण पुस्तकांचे. छापील पुस्तकावर कर नाही, परंतु लिखाणाच्या व छपाईच्या कागदावरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून अठरा टक्के झाला. तीनशे रुपयांच्या पुस्तकात ऐंशी रुपयांचा कागद आहे असे मानले तर प्रकाशक त्यावर चौदा रुपये चाळीस पैसे कर भरतो. छपाई, बांधणी यांवरचा कर आणखी निराळा. पुस्तक करमुक्त असल्यामुळे यातील एक पैसाही त्याला परत मिळत नाही. तेच पुस्तक शून्य दराचे असते तर सर्व रक्कम परत आली असती. इतकेच नव्हे, पुस्तकावर पाच टक्के कर असता तर प्रकाशकाने ग्राहकाकडून पंधरा रुपये घेऊन त्यातून कागदाचे जवळजवळ तेवढेच रुपये वजा केले असते. म्हणजे पाच टक्के कर आणि करमुक्ती यांत ग्राहकाच्या दृष्टीने फारसे अंतर उरले नसते. पुस्तकावर कर लावावा असे कोणी सुचविणार नाही, आणि सुचवूही नये. पण ‘करमुक्त’ या शब्दाने प्रकाशन व्यवसायास मिळणारा लाभ दिसतो त्याहून बराच लहान आहे, एवढे यावरून ध्यानात यावे. थोड्या प्रती काढणाऱ्या प्रकाशकाला तो भार अधिक जाणवतो.

वह्यांच्या बाबतीत मात्र शासनाने ही अडचण आधीच ओळखली. शालेय वह्या, आलेख वह्या व प्रयोग वह्या यांवरील बारा टक्के कर त्याच तारखेस निरंक करण्यात आला, तेव्हा वह्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या अनलेपित कागदावरील करही निरंक केला गेला. नाहीतर वही करमुक्त आणि कागद करपात्र, असा पेच पडून कागदावरील कर वही उत्पादकाच्या माथी बसला असता. या उपायाने गाठ सुटली, पण ती एक पायरी मागे सरकली. आता कागद गिरणीने वहीसाठी विकलेला कागद करमुक्त आहे. म्हणून त्या कागदासाठी लागलेला लगदा, रसायने इत्यादींवरील कराची वजावट त्या प्रमाणात गिरणीला सोडावी लागते. शिवाय एकाच यंत्रातून निघालेला, दिसावयास सारखाच असलेला कागद वही बांधणाऱ्याकडे गेला तर निरंक आणि पुस्तक छापणाऱ्याकडे गेला तर अठरा टक्के, अशी स्थिती झाली आहे. कोणते रीळ कोणाच्या दारी व कशासाठी गेले, याचा चोख हिशेब गिरणी, घाऊक व्यापारी आणि कर अधिकारी या तिघांनाही ठेवावा लागतो.